कुठवर जायचं, बाप्पा?

आपल्या गावचा बाजार म्हणजे पिशवी, घाम आणि सुट्या पैशांची कटकट. परगावचा बाजार म्हणजे मौज! हा नियम कुणी लिहून ठेवलेला नाही, पण तो न पाळणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही. पुण्यात मंडईचे नाव काढले की जो गृहस्थ बायकोला पुढे करतो, तोच महाबळेश्वरला गेला म्हणजे स्ट्रॉबेरीच्या टोपलीपुढे अर्धा अर्धा तास उकिडवा बसतो. खंडाळ्याच्या वाटेवर करवंदांचा द्रोण दिसला की त्याला गाडी पुढे नेववत नाही. काश्मीर पाहून आलेली मंडळी दल सरोवराइतक्याच प्रेमाने तिथल्या भाजीच्या होड्यांचे वर्णन करतात, आणि बँकॉकहून परतलेले लोक देवळांच्या आधी तरंगत्या बाजाराचे फोटो दाखवतात. सिंगापूरने तर कमालच केली. आपल्या फेरीवाल्या खाद्यवाल्यांची सारी रीतभात त्या देशाने युनेस्कोपुढे मांडली, आणि २०२० साली तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत मानाचे पान मिळवून दिले.

आमच्या बीड जिल्ह्यात पाहुणा येतो तो बहुधा देवासाठी. परळीला वैजनाथ, अंबाजोगाईला योगेश्वरी. ही योगेश्वरी कोकणातल्या कितीतरी घराण्यांची कुलस्वामिनी. त्यामुळे नवरात्र जवळ आले की मुंबई-पुण्याच्या गाड्या आमच्या रस्त्यांवर दिसू लागतात. कुणी वेरूळ करून परळीला निघालेला असतो, कुणाला आद्यकवी मुकुंदराजांच्या समाधीवर डोके टेकायचे असते. ही मंडळी बीडमध्ये पाहण्याजोगे काय आहे याची यादी करून येतात. त्या यादीत नसलेली एक गोष्ट मात्र त्यांना हमखास थांबवते. ती म्हणजे रस्त्याच्या कडेचे सीताफळांचे वाटे.

ज्यांनी बालाघाट पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. आमच्या जिल्ह्याचे दोन भाग : गोदावरीच्या काठची काळी गंगथडी, आणि तिच्या दक्षिणेला चढत जाणारा बालाघाटचा खडकाळ डोंगर. गंगथडीचा माणूस कापसाची आणि उसाची भाषा बोलतो. डोंगरातला माणूस पावसाची. या डोंगराला मुरूम भरपूर आणि माती बेताची. तिथे सीताफळ मात्र आपण होऊन येते. बांधावर येते, खडकाच्या फटीत येते, धारूरच्या किल्ल्याभोवतालच्या उतारांवर येते. त्याला पाणी कुणी घालत नाही, कुंपण कुणी करत नाही. कारण मोठे गमतीचे आहे. शेळी त्याचा पाला खात नाही! ज्या मुलुखात शेळी बाभळीचा काटाही सोडत नाही, तिथे तिने नाकारलेले झाड टिकले, वाढले आणि माणसाच्या पोटाला आले.

हे फळ मूळचे आपले नव्हे. ते अमेरिका खंडाच्या उष्ण भागातले. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांच्या गलबतांतून ते हिंदुस्थानात उतरले, असे वनस्पतिशास्त्राचे जाणकार मानतात. म्हणजे ज्याला पाहुणे ‘अस्सल इथले’ म्हणून कुरवाळतात, ते फळ स्वतःच एके काळचे पाहुणे! पण आमच्या लोकांनी त्याला थेट सीतामाईचे नाव दिले, आणि वनवासी म्हणून राहायला डोंगर दिला. नाव आणि जागा मिळाली की पाहुणा घरचा होतो. २०१६ साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळाले. अंबाजोगाईला सीताफळाचे संशोधन केंद्रही आहे, आणि ‘धारूर-६’ नावाच्या वाणाने आमच्या तालुक्याचे नाव शास्त्रज्ञांच्या कागदांत नेऊन बसवले आहे.

मी शिकवतो ते गाव धारूरच्या घाटाच्या डोक्यावर आहे. शनिवारी सकाळची शाळा सुटली की मी खाली उतरतो आणि मोरीच्या कठड्यावर बसतो. कादंबऱ्या लिहिण्याचा नाद असल्यामुळे माणसे पाहत बसण्याला मी काम म्हणतो; घरची मंडळी त्याला दुसरे नाव देतात. त्या मोरीपाशी आमच्या गावच्या पाच-सहा बाया वाटे मांडून असतात. जागा अगदी हिशेबाने निवडलेली. वळण संपते, चढ सुरू होतो आणि गाडीला नाइलाजाने सावकाश व्हावे लागते. काच खाली असली तर पिकल्या फळाचा वास आत शिरतो. दुकानाची जागा कुठे असावी यावर शहरात मोठमोठे ग्रंथ लिहिले जात असतील, आमच्या बायांनी ते शास्त्र ड्रायव्हरच्या पायाकडे पाहून शिकले आहे.

त्यांतल्या एका बाईंना मी आक्का म्हणतो. वयाने त्या माझ्याच आगेमागे असतील, पण उन्हाने त्यांना पुढे ढकलले आहे. पहाटे डोंगरात जायचे, हाताने चाचपून फळ तोडायचे, आठ-नऊच्या सुमाराला रस्त्यावर यायचे. फळ तोडण्याची वेळ ओळखणे हीच या धंद्यातली खरी विद्या. सीताफळाच्या अंगावरचे डोळे एकमेकांपासून दूर झाले आणि मधल्या भेगा पांढुरक्या दिसू लागल्या म्हणजे फळ तयार झाले. त्याआधी तोडले तर ते दगडच राहते. तोडले की मग त्याला धीर नसतो. दोन-तीन दिवसांत ते मऊ होते आणि पुढच्या दिवशी हाताला लागत नाही. शहाणपणा करून थंड पेटीत ठेवावे तर साल काळी पडते. आंबा मुंबईला जातो, विलायतेलाही जातो. आमचे हे डोंगरचे फळ बिचारे प्रवासाला कच्चे. म्हणूनच ते खायला माणसाला रस्त्याच्या कडेला यावे लागते.

आणि म्हणूनच आक्का गिऱ्हाइकाला दर सांगण्याच्या आधी एक प्रश्न विचारतात.

“मावशी, कशी दिलीत सीताफळं?”

“कुठवर जायचं, बाप्पा?”

बाप्पा हे आमच्याकडचे आदराचे संबोधन. पुण्याच्या माणसाला वाटते आपल्याला गणपतीच केले! तो आधी खुलतो, मग गोंधळतो.

“पुण्याला. का बरं?”

“आन् खायाचं कवा?”

“घरी गेल्यावर. उद्या, परवा.”

“मग ह्या वाट्याला हात लावू नगा. ह्यो परळीपुरताच हाय. तुमचा त्यो पल्याडचा.”

त्यांचे वाटे तीन. पहिला इथेच कठड्यावर बसून खाणाऱ्यांचा, दुसरा रात्री मुक्कामाला खाणाऱ्यांचा, तिसरा लांबच्यांचा. अंगाने टणक, पण डोळे उघडलेला. शहरातल्या दुकानात फळांची प्रतवारी लहान-मोठी अशी करतात. आक्का फळे लावतात ती गिऱ्हाइकाच्या वाटेच्या लांबीवर. मी कितीतरी वेळा पाहिले आहे, हा प्रश्न ऐकला की माणूस गाडीतून खाली उतरतो. आपण कुठे चाललो आहोत याची चौकशी वाटेवर आजवर त्याच्याजवळ फक्त टोलनाक्याने केलेली असते.

मग गप्पा सुरू होतात. बी गिळले तर चालते का? बी चावू नका, बाई. बियांची पूड आमच्या बाया उवांवर लावतात, पण डोळा जपून. डोळ्यात गेली तर डोळा घालवील. हे सासवडच्या सीताफळासारखेच का? सासवड मी पाहिले नाही, तुम्हीच खाऊन सांगा. फोडायचे कसे? दोन्ही अंगठे असे ठेवा. आणि मघापर्यंत वातानुकूलित गाडीत अंग चोरून बसलेली एखादी सुखवस्तू बाई कोपरापर्यंत ओघळ येऊ देत, मोरीच्या कठड्यावर बसून लहान मुलीसारखी सीताफळ खाऊ लागते. तिचा नवरा तिच्याकडे असा पाहतो, की लग्नानंतर प्रथमच पाहतो आहे!

फोटो तर निघतातच. परवा एक तरुण मुलगी आली. चांगली, मोकळ्या स्वभावाची. तिने फोन उभा धरला, आडवा धरला, आणि मग जरा हिरमुसून म्हणाली, “मावशी, ही प्लॅस्टिकची कॅरेट बाजूला ठेवता येतील का? बांबूची टोपली नाही का तुमच्याकडे?”

“हाय की घरी,” आक्का म्हणाल्या. “कोंबडी बसवलीय तिच्यात अंड्यावर. उठवू का?”

मुलगी इतकी हसली, की तिला कठड्याचा आधार घ्यावा लागला. मग तिने कॅरेटसकट फोटो काढला आणि तो आक्कांना दाखवला. आक्कांनी तो लांब धरून नीट पाहिला आणि म्हणाल्या, “झ्याक आलाय. आता फोटू झाला, वाटा घ्या.”

पाहुण्यांच्या या कौतुकाची थट्टा करणे सोपे आहे, आणि आम्ही स्थानिक शहाणे ती करतोही. रोजच्या कष्टाचे यांना चित्र वाटते, गरिबीची यांना मौज वाटते, असे म्हणून आपण मोकळे होतो. पण इतके शनिवार त्या कठड्यावर घालवल्यावर मला ते तितके खरे वाटत नाही. हे लोक रस्त्यात काय काय मागे टाकून आलेले असतात! चकचकीत हॉटेले, उपाहारगृहे, छापील दरांची दुकाने. तिथे कुणी त्यांना अडवले नाही आणि इथे अडवले. इथे त्यांना काहीतरी दिसते. काय दिसते ते त्यांना सांगता येत नाही, म्हणून ते टोपली शोधतात.

मला ते कळले एका घासाघिशीत. गृहस्थ सभ्य होते, पण बाजारात सभ्यपणा ही वेगळी गोष्ट असते.

“शंभराला वाटा.”

“साठ.”

“न्हाई परवडत, बाप्पा.”

“अहो, आमच्या मंडईत यापेक्षा स्वस्त मिळतात.”

“मंडईत मी न्हाई, बाप्पा. तितं आडत्या हाय.”

“बरं, सत्तर घ्या. ऊन किती झालंय, कुणी येणार नाही आता.”

“नगं,” आक्का म्हणाल्या. अगदी शांतपणे, चेहऱ्यावरचे हसू न हलवता. “ऱ्हाऊ द्या. सांजच्याला लेकरं खातील.”

गृहस्थ दोन पावले गेले, थांबले, परत आले आणि शंभराची नोट काढून वाटा घेऊन गेले. तो ‘नगं’ मात्र माझ्या कानात राहिला. कारण तो उच्चारणाऱ्या बाईचे उरलेले वर्ष मला ठाऊक आहे.

खुरपणीला गेली तर मजुरी मालक ठरवतो. कापूस वेचला तर किलोला किती ते त्याच्याच तोंडून कळते. आणि दिवाळी झाली, की आमच्या या डोंगरातली माणसे लाखांनी उठून पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊस तोडायला जातात. तिथे टनाचा दर ठरतो तो पुण्याच्या बैठकीत. २०२४च्या जानेवारीत तो ३४ टक्क्यांनी वाढला, चांगलेच झाले. पण तो मागणारे, देणारे आणि वाढवणारे सारे आक्कांपासून फार लांबचे. त्यांची उचल पावसाळ्यातच मुकादमाकडून घेतलेली असते. कुणाच्या घरावर पत्रे चढतात, कुणाच्या लेकीचे लग्न होते, कुणाचे दुखणे निभावते. उसाच्या पहिल्या कांड्यावर कोयता पडण्याआधीच त्या कांड्याचा पैसा संपलेला असतो. नवरा आणि बायको मिळून तिथे ‘एक कोयता’ होतो. बावीस वर्षे व्याकरण शिकवतो आहे, पण दोन माणसांचे असे एकवचन मला पुस्तकात कुठे सापडले नाही.

अशा वर्षात सीताफळाचे हे दोन महिने येतात. इथे आक्का बसलेल्या असतात आणि मोटारवाला उभा असतो. दर त्या सांगतात. कुठले फळ कुणाला द्यायचे ते त्या ठरवतात. आणि पटले नाही तर ‘नगं’ म्हणतात. वर्षभर ज्यांना हा शब्द उच्चारायची सोय नाही, त्यांच्या तोंडून तो किती सहज येतो! मला वाटते, पाहुण्यांना भुरळ पडते ती या सहजपणाची. टोपलीमागे गरीब बाई बसली आहे असे समजून ते उतरतात, आणि त्यांची गाठ पडते ती एका मालकिणीशी.

आक्कांची धाकटी मुलगी माझ्या सातवीच्या वर्गात आहे. गेल्या वर्षी ती आईबापांबरोबर उसाच्या फडावर गेली. तिथे धाकट्या भावाला सांभाळले, पाचटाच्या कोपीत भाकऱ्या थापल्या, आणि परत आली ती परीक्षा होऊन गेल्यावर. हंगामी वसतिगृहे कुठे कुठे चालतात. २०२१ साली संत भगवानबाबांच्या नावाने या मुलांसाठी शासकीय वसतिगृहांची योजनाही निघाली. सोय जिथे पोचते तिथे पोचते. बाकीच्या ठिकाणी आजी असते. आमच्या या मुलीलाही आजी आहे. दृष्टीने अधू, पण जिभेने खणखणीत.

“औंदा पोरीला न्यायची न्हाई, गुरुजी,” आक्का एका शनिवारी म्हणाल्या. “म्हातारीपाशी ठिवायची. पाच महिन्याचं दाणं भरून जायचं. दाणं, त्याल, मीठ, म्हातारीच्या गोळ्या. दीडशे वाटं इकलं की भागतंय.”

“आणि उचलीतले काही?”

“त्यातलं कशाला? ते पैशे माझे न्हाईत. हे माझे हाईत.” त्यांनी कमरेच्या पिशवीवर हात ठेवला.

तेव्हापासून मुलगी हिशेब ठेवते. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर तिने दहा-दहाच्या चौकटी आखल्या आहेत आणि वाटा विकला गेला की एक रेघ ओढते. शाळेत ती गणिताला फार पुढे नाही. पण ते शेवटचे पान इतके स्वच्छ आहे, की मी ते तपासायला मागितले तेव्हा तिने आधी हात पुसले.

आता एक अडचण सांगितली पाहिजे. कायद्याच्या नजरेने पाहिले तर आक्का तिथे बसलेल्याच नाहीत. पथविक्रेत्यांसाठी २०१४ साली कायदा झाला, तो नगरपालिका-महानगरपालिकांच्या हद्दीतल्या विक्रेत्यांचा विचार करतो. घाटातली मोरी त्यात येत नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या जमिनीबद्दल २००२चा कायदा आहे, त्याच्या दृष्टीने वाटा मांडणे म्हणजे अतिक्रमण. आणि कायदा अगदीच अरसिक आहे असेही मला म्हणता येत नाही. वळणावर गाडी एकाएकी थांबली तर मागच्याचे काय होते, हे घाटातल्या माणसाला सांगावे लागत नाही. शिवाय रस्ते रुंद होत आहेत. धुळे-सोलापूर रस्ता चौपदरी झाला, बीडला वळसा घालून गेला. त्यावरून धावणाऱ्या गाडीला वास घ्यायलाही सवड नसते. रस्ते चांगले व्हावेत, आजाऱ्याला दवाखान्यात लवकर पोचता यावे, असे कुणाला वाटणार नाही? पण रस्ता करणाऱ्यांनी गाड्यांना विसाव्याला जागा सोडावी, तशी चार वाटे मांडायलाही सोडावी. सिंगापूरने आपल्या फेरीवाल्यांना रस्त्यावरून उठवले, ते त्यांच्यासाठी ओटे बांधून. आणि मग त्यांचा मान जगापुढे मांडला. आधी ओटा, मग मान. हा क्रम मला शहाणपणाचा वाटतो.

मानांकनाची गोष्ट मी आक्कांना एकदा समजावून सांगितली. आपल्या सीताफळाला सरकारने बीडचे म्हणून नाव दिले आहे, दुसऱ्या कुणाला ते लावता येणार नाही, वगैरे. त्यांनी मन लावून ऐकले. “चांगलं झालं,” म्हणाल्या. “नाव झालं. आता बसायला जागा झाली म्हंजी झालं.”

वाचकहो, दिवाळीच्या दिवसांत तुमच्यापैकी कुणी परळीला किंवा अंबाजोगाईला निघाले आणि वाट आमच्या घाटातून गेली, तर जरूर थांबा. वळणावर थांबू नका; मोरीच्या पुढे रस्ता रुंद झाला आहे तिथे गाडी उभी करून चार पावले मागे चालत या. फोटो काढा. घासाघीसही करा, घासाघीस न करणाऱ्या गिऱ्हाइकाबद्दल आमच्या बायांना थोडी शंकाच येते. मात्र ‘नगं’ आले तर त्याचा मान ठेवा.

भाऊबीज झाली की ट्रक येतो. ताडपत्री, भांडी, शेळी, कोयते आणि माणसे घेऊन तो याच घाटाने खाली उतरतो, आणि मोरीवर पुढच्या पावसाळ्यापर्यंत कुणी नसते. वहीच्या शेवटच्या पानावर आज एकशे एकतीस रेघा आहेत. दीडशेला अजून एकोणीस हव्यात.

तेवढे वाटे तुमच्या दोन-चार गाड्यांत सहज मावतील. फक्त कुठवर जायचे आहे ते आक्कांना खरे सांगा. फळ त्यावर ठरते.